सोंगांची ट्रंक: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या गॅदरिंगला थोरलीसाठी झाशीच्या राणीचा पोशाख भाड्याने आणला होता. एका दिवसाचे ३५० रुपये, वर ५०० अनामत. जरीचं काम काखेत टोचत होतं, तरी पोरीने हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर मात्र "आई, थोडा वेळ घालून खेळू?" म्हणाली आणि मला नाही म्हणावं लागलं. डाग पडला असता तर अनामत गेली असती. तिचा तो उतरलेला चेहरा मला फार लागला. त्याच आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, मुलांना घरी सोंगं घेऊन खेळायचे कपडे तिच्यात ठेवायला.

थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा. आठ महिन्यांत ट्रंकेवर एकूण ७८० रुपये गेले. त्यातले जवळपास निम्मे अस्तराचं कापड, इलॅस्टिक आणि वेल्क्रोवर. उरलेले फसलेल्या खरेदीत. बाकी सगळं घरातलंच: ह्यांचे दोन जुने शर्ट, माझ्या ओढण्या, आणि सासूबाईंचं एक विटकं सुती लुगडं, जे गोधडीसाठी ठेवलेलं होतं.

आधी सांगते काय फसलं. हौसेने एक तयार परीचा झगा घेतला होता. पाठीची चेन तिसऱ्या दिवशी उसवली, पण खरी अडचण ती नव्हती. तो झगा घातला की परीच व्हावं लागायचं. पुठ्ठ्याचा मुकुट चार दिवसांत गेला. तुळशीबागेतून आणलेली मण्यांची माळ तुटली, मणी फरशीभर झाले आणि एक धाकट्याच्या तोंडातून काढावा लागला. त्या दिवसापासून ट्रंकेत मणी, टिकल्या, सेफ्टी पिना यातलं काहीच नाही.

सासूबाई बालवाडीत शिकवायच्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यांनी मुलांसाठी साधनं केली, हे त्या नेहमी सांगतात. माझी खरेदी बघून त्या एवढंच म्हणाल्या, "मुलांना सगळं पुरं करून देऊ नकोस गं, थोडं अपुरं ठेव. उरलेलं ती करतात." मला हे ऐकून पटलं नाही, लुगडं फाडल्यावर पटलं. नऊ वारांत दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघाले. एकाला वर नेफा शिवून इलॅस्टिक घातलं. कमरेच्या मापापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर कमी घेतलं, की दोघांनाही बसतं. बाकीचे तीन नुसते कडा दुमडून ठेवले. ते तीन तुकडे आमच्याकडे सर्वांत जास्त वापरात आहेत. नदी झाली, तंबू झाला, पेशंटची चादर झाली, विठोबाचं उपरणं झालं, आणि एकदा घड्या घालून भाजीवालीच्या पाटीत पालकाच्या जुड्यासुद्धा.

फेट्याचं मात्र वेगळं. मोठ्यांचा फेटा मुलांना पेलत नाही, रोज बांधून द्यायला आपल्यालाही वेळ नसतो. थोरलीच्या डोक्याच्या मापाचा स्टीलचा डबा घेतला, त्यावर जुन्या ओढणीचा फेटा बांधला, जागोजागी टाके मारले आणि डबा काढून घेतला. आता तो टोपीसारखा चढतो. आठ महिन्यांत फक्त तुरा एकदा शिवावा लागला.

शर्टांच्या बाह्या कापून एक डॉक्टरांचा कोट केला, दुसरा कंडक्टरचा. थोरलीला बसमधलं तिकिटाचं मशीन फार आवडतं. बंद पडलेला कॅल्क्युलेटर माझ्या जुन्या पर्सच्या पट्ट्याला लावून दिला, पण आधी त्यातला बटनसेल काढून टाकला. तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आता सोफ्यावर बसायचं तर तिकीट काढावं लागतं. आजोबांना ती "पुढे सरका, पुढे सरका" म्हणते आणि सुट्टे पैसे मागते.

गळ्याशी काहीही गाठ मारून बांधायचं नाही, हा आमच्याकडचा एकच कडक नियम. पाठीवरचा शेला दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोच्या छोट्या तुकड्यांनी लागतो, कुणी ओढला की सुटून येतो. लांबी गुडघ्याच्या वर, म्हणजे पाय अडकत नाही. वेल्क्रोची काटेरी बाजू अंगाकडे लावली तर टोचते, म्हणून ती शेल्याला आणि मऊ बाजू शर्टाला. धुताना वेल्क्रो बंद करूनच टाका. मी विसरले आणि एका ओढणीचे धागे पार ओढले गेले.

कोटाची बटणं मुद्दाम मोठी लावली. धाकटा जूनमध्ये एकही लावू शकत नव्हता, आता खालची तीन स्वतः लावतो. वरचं अजून जमत नाही, हनुवटी मध्ये येते.

ट्रंकेत डांबरगोळ्या घालू नका. त्यांचा वास कपड्यांत मुरतो, आणि चुकून तोंडात गेल्या तर काही मुलांच्या लाल रक्तपेशी फुटतात. मी वाळवलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवते. टोप्या आणि फेटा महिन्यातून एकदा धुते, शाळेत उवा निघाल्या की लगेच. झाकण जड असल्यामुळे ते काढूनच टाकलं, बोटं चेमटण्याची भीती गेली.

एक करायला हवं होतं ते पहिल्या महिन्यात केलं नाही: सगळं एकदम समोर ठेवलं. मुलं नुसती उपसायची. आता सहा-सात वस्तू खुंटीवर, त्यांच्या हाताला येतील अशा, आणि बाकीच्या ट्रंकेत. पंधरा दिवसांनी अदलाबदल करते.

सध्या पोस्टमनची पिशवी हवी आहे. ह्यांची खाकी पँट उसवायला घेतली आहे, खिसे तसेच ठेवणार आहे, थोरलीने बजावलंय की रजिस्टर पत्रं त्यातच राहतील.