फ्रिजमधलं पाकीट: हार्मोनच्या रिंगचे नऊ महिने

माला-एन ही गर्भनिरोधक गोळी मी वर्षभर घेतली आणि महिन्यातून दोनदा तरी विसरले. मालवणात होमस्टे चालवणारीची रात्रीची वेळ पाहुण्यांना सोलकढी वाढण्यात जाते, गोळी आठवणार कधी? डॉक्टरबाईंनी आधी बीपी तपासलं, सिगारेट, रक्ताच्या गुठळ्या, अर्धशिशी, सगळं विचारलं, मग रिंग सुचवली. माझ्या बहिणीला अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसतो, तिला मात्र साफ नाही म्हणाल्या.

५४ मिलिमीटरची मऊ कडी. चिमटून आपणच योनीत सरकवायची. ३ आठवडे आत, १ आठवडा बाहेर, त्यात पाळी, मग त्याच वारी नवी. हार्मोन्स गोळीसारखीच, बीज बाहेर पडू देत नाहीत. मी बाजाराचा वार धरला, तो कोकणात कोण विसरतं! आत हरवेल ही भीती फुकटची. वर गर्भाशयाचं तोंड आहे, जाईल कुठे?

पहिला महिना मळमळ आणि मधेच डाग. ते थांबलं. पांढरं पाणी मात्र वाढलं ते वाढलंच, आणि आषाढात कपडे वाळत नाहीत तेव्हा त्याचा वैताग येतो. एकदा संडासात जोर देताना रिंग बाहेर आली. कोमट पाण्याने धुऊन लगेच घातली. ३ तासांहून जास्त बाहेर राहिली असती, तर ७ दिवस निरोध वापरावा लागला असता. गुप्तरोगांसाठी तर निरोधच, रिंगचा तिथे उपयोग नाही.

खरी कटकट साठवणीची. ३० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवायची नाही, आणि आमचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून फ्रिजमध्ये, कोकम आगळाच्या बाटलीमागे. सासूबाईंना सापडलीच.

"ह्यां काय गो?"

"औषध असा, आई."

पुढे विचारलं नाही. किंमतही त्यांना सांगितली नाही. सरकारी दवाखान्यात अंतराचं गर्भनिरोधक इंजेक्शन, छायाच्या गोळ्या फुकट मिळतात, ही मात्र पदरचे पैसे मोडून मागवावी लागते.

चतुर्थीला जावांनी पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या. माझा रिकामा आठवडा नेमका तेव्हाच होता. डॉक्टरबाईंना विचारून रिंग चौथा आठवडाही ठेवली आणि मग थेट नवी घातली. पाळी आली नाही, पण गौरीच्या दिवशी सकाळी बारीक डाग दिसला. त्याला पाळी म्हणायचं का, हे मी कुणाला विचारलं नाही. गौरीला वाहायची ओवशाची सुपं भरली.