पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमान उभं, आत धूर: जिना की घसरगुंडी?

विमान धक्क्याला लागलेलं, दार उघडं, एरोब्रिज (दारापासून इमारतीपर्यंतचा बंद पूल) जोडलेला आणि एसीच्या झरोक्यातून तेलकट वासाचा विरळ धूर. अशा वेळी पायी उतरणंच बरं. बहुतेकदा शेपटीतल्या छोट्या इंजिनाची हवा बंद केली की धूर ओसरतो. दाराशी फुगणाऱ्या आणीबाणीच्या घसरगुंडीवरून घाईत उतरताना घोटे मुरगळतात, हाडंही मोडतात. आपल्या आजी-आजोबांचा विचार करा.

पण धूर दाट होत असेल, ज्वाळा दिसत असतील, किंवा विमान टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर असेल, तर जिन्याची वाट पाहणं मला धोक्याचं वाटतं. १९८० साली रियाधला सौदिया या सौदी विमान कंपनीचं विमान सुखरूप उतरलं, पण दारं वेळेत उघडली नाहीत. ३०१ जण, म्हणजे विमानातले सगळेच, गेले. उलट २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या जपानी विमानातून सर्व ३७९ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं होतं, हे चाचणीत सिद्ध करावं लागतं.

निर्णय कॅप्टन आणि क्रूचा. आपण खाली वाकायचं, नाकावर रुमाल धरायचा. आणि बॅग? दोन्ही वेळी वरच राहू द्या, कृपा करून.