बंबात लाकडाऐवजी कोळसा: कंबर बिघडल्यानंतरचा अनुभव

मुंबईत घर गरम करायची वेळ कुणावर येत नाही, पण गोराई गावातल्या आमच्या कौलारू घरात आंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबात तापतं. एकत्र कुटुंब, त्यात आईला संधिवात, म्हणून बंब बाराही महिने पेटतो. माझी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली, डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ जायला लागली आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड हातात धरायची नाही असं बजावलं. तेव्हापासून बंबात लाकूड बंद करून कोळसा घालतोय. हिवाळा, उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा बघून झाला आहे. ज्यांच्या घरी बंब आहे आणि ज्यांची कंबर कुरकुरते आहे त्यांच्यासाठी हे लिहितो.

आधी लाकडाचं बघू. लाकूड आम्हाला जवळजवळ फुकट मिळायचं. वाडीतले माड, झावळ्या, सुरूच्या फांद्या होत्याच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या झाडांनी तर बराच काळ काढला. पण बंबाची मधली नळी अरुंद असते. तिच्यात ओंडका जात नाही, बोटाएवढ्या जाडीची आखूड बंबफोड लागते. म्हणजे चुलीला चालतं ते लाकूडही इथे पुन्हा फोडावं लागतं. फोडायला वाकायचं, वेचायला वाकायचं, रचायला वाकायचं, पावसाच्या आधी सगळा ढीग पडवीत हलवायला वाकायचं, आणि मग रोज सकाळी टोपलीभर काढायला परत वाकायचं. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वजन किती उचलता ते नंतर सांगा, दिवसातून किती वेळा वाकता ते आधी सांगा." उत्तर देताना मला कळलं की त्रास लाकडाच्या वजनाचा कमी आणि लाकडाभोवतीच्या कामांचा जास्त आहे. वाकून, कमरेतून वळून, हात लांब करून उचललेलं लहानसं ओझंही मणक्यावर भारी पडतं, कारण ते अंगापासून जितकं दूर तितका कमरेच्या सांध्यावर ताण वाढतो. बंबफोड वेचणं म्हणजे नेमकं हेच.

कोळशाने यातलं पुष्कळसं गेलं. फोडणं संपलं. लोणारी कोळसा, म्हणजे भट्टीत लाकडापासून केलेला कोळसा, नळीत वरून टाकता येतो, तोही ताठ उभं राहून. ज्यांची कंबर दुखते त्यांनाच याची किंमत कळेल.

इंधनाचं मापही निम्म्यावर आलं, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. आमच्या घरी सकाळी साधारण ऐंशी लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं असतं, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी. बंबाची दोन-तृतीयांश उष्णता धुराड्यातून गेली असं धरलं तर इंधनातून सहा हजार यायला हव्यात. बऱ्यापैकी वाळलेलं लाकूड किलोला साडेतीन हजारांच्या आसपास देतं, चांगला लोणारी कोळसा सात हजारांच्या आसपास. पावणेदोन किलो लाकडाच्या जागी पाऊण-एक किलो कोळसा. आणि हे वाळलेल्या लाकडाचं झालं. ओल्या लाकडाची आच आधी स्वतःमधलं पाणी उडवण्यात जाते, नि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड खऱ्या अर्थाने कोरडं राहतच नाही. जुलैत आमच्याकडे धुराने डोळे चुरचुरत असत, आई खोकत असे आणि पाणी मात्र कोमटच. या पावसाळ्यात झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवलेला कोळसा शेवटपर्यंत नीट पेटला. पिंपाला झाकण हवंच, कोळसाही हवेतली ओल धरतो आणि मग पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो.

आता कोणता कोळसा, हे महत्त्वाचं. मी दगडी कोळसाही वापरून पाहिला. भाव कमी, आच टिकाऊ. पण घरच्या बंबासाठी मी तो कुणाला सुचवणार नाही. एकतर पेटताना पिवळट काळा धूर आणि डांबरासारखा वास येतो, शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. दुसरं आणि कंबरेच्या दृष्टीने मोठं कारण म्हणजे राख. आपल्या देशातल्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण पुष्कळदा तीस-चाळीस टक्के असतं. लोणारी कोळशात ते फार तर चार-पाच टक्के. म्हणजे दगडी कोळसा घेतला की खालचा कप्पा रोज भरतो आणि तो उपसायला रोज वाकायचं. फोडायचं वाकणं वाचवून उपसायचं वाकणं विकत घेण्यात काही अर्थ नाही. लोणारी कोळशाची राख मी दोन-तीन दिवसांआड काढतो आणि माडांच्या अळ्यात टाकतो.

बंबात थोडे बदल करावे लागले. लाकडासाठीची जाळी विरळ असते, तिच्यातून कोळशाचे तुकडे खाली पडतात, म्हणून बारीक फटींची बिडाची जाळी बसवून घेतली. आणि बंबच विटांच्या ओट्यावर चढवला, राखेचा कप्पा गुडघ्याच्या वर येईल इतका. या एका कामाने जितका आराम मिळाला तितका कशानेच नाही. लाकूडच वापरणार असाल तरी ओटा बांधाच. आता तोटी उंचावर आल्याने बादली तिच्याखाली स्टुलावर ठेवता येते, जमिनीवरून भरलेली बादली उचलायची गरज पडत नाही. एक काळजी मात्र घ्या. कोळशाची आच जाळीजवळ एकवटलेली असते, त्यामुळे बंबातलं पाणी तोटीच्या खाली जाऊ देऊ नका. पाणी आहे तोवर तांबं सुरक्षित असतं, कोरड्या बंबाची झाळ सुटायला वेळ लागत नाही.

पेटवायला करवंट्या सर्वांत चांगल्या. आमच्याकडे नारळाला तोटा नाही. जाळीवर सोडणाचे, म्हणजे नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालीचे तुकडे, त्यावर करवंट्या, त्या धडधडल्या की वरून कोळसा. लाकडापेक्षा पाणी तापायला सुरुवातीला थोडा उशीर लागतो, पण एकदा निखारा धरला की मध्ये मध्ये जाऊन सारखं करावं लागत नाही. शेवटचा माणूस आंघोळीला जाईपर्यंत पाणी कढत राहतं.

गोणीचा प्रश्न मात्र खरा आहे. वखारीतून कोळसा मोठ्या गोणीत येतो आणि आमच्याकडे टेम्पो भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने फिरून येतो, कारण बोरिवलीच्या फेरीबोटीतून गोण्या आणणं जमत नाही. ती गोणी ओढायला गेलो असतो तर सगळ्या उपचारावर पाणी पडलं असतं. मी सुरुवातीपासून दहा-दहा किलोच्या पिशव्या भरून मागतो, थोडे पैसे जास्त देतो, आणि उतरवणारा मुलगा त्या थेट पिंपाशी ठेवतो. कंबरेच्या माणसाने हा खर्च इंधनाच्याच खात्यात धरावा. एकूण खर्च लाकडापेक्षा नक्कीच वाढला आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट आता. कोळशाला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, आणि तिथेच धोका आहे. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावतात ती यानेच. नळीच्या तोंडाशी कधी निळसर ज्योत दिसते, तो हाच वायू जळत असतो. लाकडाचा धूर निदान डोळ्यांत जाऊन माणसाला बाहेर तरी काढतो. आमचा बंब मागीलदारी, दोन बाजूंनी उघड्या छपराखाली आहे. तुमचा न्हाणीघरात असेल तर कोळशाचा विचारही करू नका. उरलेले निखारे उबेसाठी घमेल्यात घेऊन आत नेण्याची जुनी सवय आमच्या घरी होती, ती मी पूर्ण बंद केली. आईला वाईट वाटलं, तिच्या गुडघ्यांसाठी आता गरम पाण्याची पिशवी आहे.

दोन गोष्टी मनाला लागतात. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा करायला पाच किलो किंवा त्याहून जास्त लाकूड जळतं, म्हणजे माझी कंबर वाचली तरी झाडं वाचलेली नाहीत. आणि या भट्ट्यांवर रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन महिनोन्‌महिने मुलाबाळांसकट राबतात. वाकण्याचं काम संपलेलं नाही, ते माझ्या मागीलदारातून त्यांच्याकडे गेलं आहे. हे कळल्यापासून मी कोळशात करवंट्या वाढवत नेल्या आहेत. थंडी नसते तेव्हा निम्मं पाणी नुसत्या करवंट्यांवर तापतं. त्या फोडाव्या लागत नाहीत आणि नळीत सहज जातात.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडून गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तो आदेश व्यवसायांसाठी होता, घरच्या बंबासाठी नाही, पण हवा सगळ्यांची एकच आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल, माणसं तीन-चार असतील किंवा दारात पाइपचा गॅस असेल, तर सरळ गीझर घ्या, कोळशाच्या वाटेला जाऊ नका. आमच्या आळीत पाइपचा गॅस नाही, इतक्या माणसांच्या आंघोळी सिलिंडरवर परवडत नाहीत, आणि जुन्या कौलांवर सौरबंबाची टाकी चढवायची तर आधी आढं-वासे बदलावे लागतील. सुताराला बोलावून ते मोजून घेतलं आहे. वासे बदलले की टाकी बसेल आणि कोळसा फक्त पावसाळ्यापुरता उरेल.

पायातली कळ आता क्वचितच येते. व्यायाम रोज करतो, त्याचा वाटा कोळशापेक्षा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. इंधन बदलून व्यायाम टाळता येत नाही. बंब बदलायच्या आधी एक दिवस फक्त मोजून बघा, सकाळी पाणी तापेपर्यंत आपण कुठे कुठे वाकतो. लाकूड फोडतानाच जास्त वाकत असाल तर कोळशाचा उपयोग होईल. बादल्या उचलतानाच वाकत असाल, तर आधी ओटा बांधा.