रेडमी नोट १३ ५जी : केळीच्या पट्ट्यात कामाला आलेल्या जादा सुविधा

जानेवारी २०२४ मध्ये भारतात आलेला हा फोन जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील आमच्या शेतकरी कुटुंबात नित्य वापरात आहे. फोन निवडताना प्रोसेसर आणि कॅमेरा यांचीच चर्चा होते. माझ्या मते मात्र त्याची खरी पारख जादा सुविधांवर, आणि त्याही आपल्या भागातील हवा व काम ध्यानात घेऊन व्हायला हवी.

सर्वांत उपयोगी ठरला तो वरच्या कडेवरील इन्फ्रारेड रिमोट. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारभर दारे-खिडक्या लावून सारे घर एका खोलीत बसते आणि एसीचा रिमोट नेमका त्याच वेळी सापडत नाही. अशा वेळी हातातील फोनच रिमोट होतो. एकदा यंत्राची कंपनी निवडून ठेवली की एसी, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स तिन्ही त्यावर चालतात, फक्त फोन यंत्राच्या समोर धरावा लागतो. आमच्या आजींना आवाजी आज्ञा देण्यापेक्षा हे मोठे बटण दाबणे अधिक आवडते, आणि त्यांची ही आवड मला पूर्णपणे पटते.

याउलट अगदी जवळून छायाचित्र काढण्यासाठी दिलेला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मला अनावश्यक वाटतो. केळीच्या पानावर करपा रोगाचे ठिपके दिसले की कृषी सहायकांना स्पष्ट छायाचित्र पाठवावे लागते; ते १०८ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याने थोड्या अंतरावरून काढून हवा तेवढा भाग कापून घेतला, तर अधिक तपशील मिळतो.

आयपी ५४ मानांकनाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ठिबकच्या नळीतून उडणारे पाणी आणि बांधावरची धूळ यांपासून ते संरक्षण देते, पण फोन हौदात पडला तर त्याचा भरवसा धरता येत नाही. रात्रपाळीच्या विजेवर मोटार सुरू करायला जाणाऱ्यासाठी ५००० एमएएच बॅटरी आणि टॉर्च यांचे मोल वेगळे सांगायला नको.

मेमरी कार्डाची सोय आहे, परंतु ते दुसऱ्या सिमच्याच जागेत बसते. गावात एका कंपनीचे आणि मळ्यात दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क मिळत असल्याने ज्यांना दोन्ही सिम लागतात, त्यांनी १२८ ऐवजी २५६ जीबीचाच फोन घ्यावा.