दोन नंबरचं मिसिंग आणि न उघडलेलं हेड

डिचोलीतल्या एका गाडीमालकाच्या हाती पडलेलं बिल असं होतं: हेड गॅस्केट किट, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, हेड फेसिंग, इंजेक्टर ४ नग, स्पार्क प्लग ४ नग, इंजिन ऑइल, कूलंट, मजुरी. एकूण ३१,४०० रुपये. अगदी तळाला, मागाहून आठवल्यासारखी एक ओळ: कॉइल १ नग, १,६५० रुपये. गाडी सुधारली ती या शेवटच्या ओळीने. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी हजारो व्होल्ट देणारा भाग, आणि हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण. वरच्यातली निम्म्याहून जास्त कामं झालीच नव्हती, आणि बॉनेट उघडून टॉर्च मारला असता तर पाच मिनिटांत ते दिसलं असतं. गॅरेजचं नाव इथे देत नाही. नाव टाळलं तरी हा प्रकार फक्त तिथेच होतो असं नाही.

गाडी साधीच, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल, ६२,००० किलोमीटर झालेली. रात्रभर पाऊस पडला की सकाळी स्टार्ट केल्यावर थरथरायची, सायलेन्सरमधून फट् फट् आवाज यायचा आणि दहा मिनिटांत सगळं शांत. मालकाने महिनाभर ते चालवून घेतलं. मग बेळगावला जाताना चोर्ल्याच्या घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी झटके देऊ लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला.

हा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी हळू चालवत घरी नेता येते. लुकलुकत असेल तर अर्थ वेगळा: त्या क्षणी मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळणं, इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. अशा वेळी पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, गाडी बाजूला घ्यायची. कन्व्हर्टर वितळला की मग खरोखरच हजारोंचं बिल येतं. गॅरेजमधून मात्र फोनवर सांगण्यात आलं, "काही होत नाही, तशीच घेऊन या."

गॅरेजमध्ये स्कॅनर लागला. कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. कोड मालकाला दाखवला आणि लगेच पुसून टाकला. इथेच पहिला धागा तुटला. कोडसोबत गाडी त्या क्षणाची नोंद साठवते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिनचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, लोड किती. कोड पुसला की ही नोंदही जाते. मग कोणी काहीही सांगावं.

त्यानंतर दोन नंबरचा प्लग काढून मालकाच्या हातावर ठेवला. पांढऱ्या सिरॅमिकवर, लोखंडी भागाच्या अगदी वर, तपकिरी रंगाचं एक गोल कडं. "बघा पात्रांव, कॉम्प्रेशन लीक. गॅस वर येतोय. हेड उतरवल्याशिवाय होणार नाही." ज्याने प्लग कधी हातात धरलेला नाही त्याला हे पटतंच. कडं दिसतंही जळल्यासारखं.

पण त्या कड्याचा कॉम्प्रेशनशी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाशी, काही संबंध नसतो. प्लगला हजारो व्होल्ट मिळतात, त्या दाबाने सिरॅमिकच्या कडेची हवा भारित होते आणि हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात. त्याला कोरोना स्टेन म्हणतात. चांगल्या चालणाऱ्या गाडीचे चारही प्लग काढले तरी चारांवर कमीजास्त तेच कडं मिळेल. मालकाने बाकीचे तीन प्लग काढून दाखवायला सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

गंमत म्हणजे खरा पुरावा त्याच प्लगवर होता. कड्यापासून वर, सिरॅमिकवरून उभी गेलेली, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. कॉइलच्या बूटच्या, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीच्या, आतही तशीच रेघ. याचा अर्थ ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाहेरच्या बाहेर, सिरॅमिकवरून उतरून इंजिनच्या अंगात जात होती. एकदा अशी कार्बनची वाट पडली की वीज तीच वाट धरते. ओलाव्यात आधी, आणि वाट पक्की झाल्यावर चढावर, जिथे सिलिंडरमधला दाब जास्त म्हणून ठिणगीला व्होल्टेजही जास्त लागतं. सकाळची थरथर आणि घाटातले झटके, दोन्हींचं कारण एकच.

आता हेड उघडलं नव्हतं हे कशावरून. हेड उतरवायचं तर त्याच्यावरचं टॅपेट कव्हर काढावं लागतं, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सुटे करावे लागतात, टायमिंग चेन सोडावी लागते, कूलंट पूर्ण काढावं लागतं. या गाडीत टॅपेट कव्हरच्या बोल्टांच्या डोक्यांवर चिऱ्याच्या तांबड्या धुळीचा जुना थर तसाच होता. पाना लागलेल्या बोल्टच्या कडा चकाकतात, तशी एकही कड नव्हती. कव्हरच्या सांध्यातून जुनं, कडक झालेलं सीलंट बाहेर आलेलं. हेड आणि ब्लॉकच्या मधे नव्या गॅस्केटची कड दिसते, इथे गंजकट जुनी. कूलंटच्या बाटलीत पूर्वीचंच गढूळ पाणी. इंजेक्टरच्या क्लिपाही धुळीने माखलेल्या. चार प्लग, ऑइल आणि एक कॉइल, एवढंच काम झालं होतं. मालकाने जुने पार्ट मागितले नव्हते, खर्चाचा अंदाज लेखी घेतला नव्हता, त्यामुळे भांडायला गेला तेव्हा हातात फक्त नंतर काढलेले फोटो होते.

पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. का जळत नाही ते कोड सांगत नाही. पी०३०१ ते पी०३०४ हे एकेका सिलिंडरचे, पी०३०० म्हणजे कुठेही, अधूनमधून. सिलिंडर आणि कारण यांच्यामधली ही जी मोकळी जागा आहे, तिथेच फसवणूक होते. आणि ती जागा घरच्या घरी अर्ध्या तासात भरता येते.

सामान थोडंच लागतं. ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (कोड वाचायला साधं स्वस्तातलंही चालतं), १० मिमीची गोटी (सॉकेट पाना), १६ मिमीची प्लगची गोटी (काही गाड्यांना १४), लांब एक्स्टेन्शन, टॉर्च. डोंगल स्टिअरिंगच्या खालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतं. कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो आधी काढून ठेवायचा, मग काय ते पुसायचं.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. इग्निशन बंद. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर पुलीच्या बाजूचा, तिथून मोजायचं. तरी गाडीच्या पुस्तकात एकदा पाहून घ्यावं. दोन नंबरच्या कॉइलचं कनेक्टर लॉक दाबून काढा. सहा-सात वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, ओढाताण केली की लॉक तुटतं आणि सैल कनेक्टरमुळे नवंच मिसिंग सुरू होतं. १० मिमीचा बोल्ट काढा, कॉइल किंचित फिरवून वर ओढा. प्लगला हात लावू नका. आधी खाली टॉर्च मारा.

प्लग बसतो त्या खड्ड्यात पाणी असेल तर कापड गुंडाळलेल्या काडीने टिपून घ्या, सायकलच्या पंपाने हवा मारा. तेल असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. ते छोटं काम आहे, हेडचं नाही. ओला किंवा मातीचा खड्डा तसाच ठेवून प्लग काढला तर ते सगळं सिलिंडरमध्ये जातं.

आता दोन नंबरची कॉइल तीनला आणि तीनची दोनला. फक्त कॉइल. प्लग आणि कॉइल एकाच वेळी हलवली तर दोष कशात होता ते कळायचं नाही, ही चूक जाणती माणसंही घाईत करतात. कोड पुसा, गाडी चालवा, शक्यतो चढावर, आणि दिवा लुकलुकला की थांबा. पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर तीनला गेला: कॉइल किंवा तिचं बूट खराब. पी०३०२ च राहिला तर दोनचा प्लग चारला टाका. पी०३०४ आला तर प्लग. तरीही दोनच म्हणत असेल तर मग इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टक टक ऐकू येते. तीन वाजतात आणि एक गप्प असेल तर उत्तर मिळालं. आंगणात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली निघणं हे तर आपल्याकडे नेहमीचंच.

या गाडीत कॉइलची अदलाबदल केली असती तर पहिल्याच फेरीत कोड तीनला गेला असता.

प्लग काढलाच तर त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही. तेलाने चिकट असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. नवा प्लग घेताना गाडीच्या पुस्तकातला नंबरच घ्या आणि गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, बघा, बहुतेकांत ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो. डुप्लिकेट प्लग बाजारात भरपूर आहेत. छपाई पुसट, आटे खडबडीत, मधलं इलेक्ट्रोड तिरकं आणि वॉशर बोटाने सहज निघून येतो, असं असेल तर परत करा. बसवताना गोटी तिरकी धरू नका, सिरॅमिकला केसाएवढी चीर पडली तरी मिसिंग होतं. सुरुवातीचे आटे हातानेच, प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून. १४ मिमी आट्यांच्या प्लगला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर नव्या वॉशरसाठी अर्धा फेरा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर मात्र हेड उतरवायची वेळ खरीच येते.

नुकतंच पेट्रोल भरल्यानंतर चारही सिलिंडर अडखळत असतील आणि कोड पी०३०० असेल तर आधी टाकीवर संशय घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. आणखी एक आकडा डोंगलवर दिसतो, फ्युएल ट्रिम: गाडी पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के कमीजास्त करते ते. रिकाम्या गतीवर अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० फेऱ्यांवर जवळजवळ शून्य, असं असेल तर कुठलीतरी हवेची नळी फाटली आहे. त्याला "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला" म्हणून सांगणारेही भेटतात.

हेड खराब आहे असं कोणी म्हणालं तर एकच मागायचं: कॉम्प्रेशन टेस्टचे चारही सिलिंडरचे आकडे, आपल्यासमोर. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलची कनेक्टर सुटी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि गेजचा काटा थांबेपर्यंत स्टार्टर, म्हणजे पाच-सहा ठोके. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण ११ ते १४ बार दाखवतं, पण खरं महत्त्व आपसातल्या फरकाला. चारही १२ च्या आसपास असतील तर हेडला हात लावायचं कारण नाही. एकच ७ वर असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात: आकडा वर गेला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम पडले तर मधलं गॅस्केट. "गेज नाही, अनुभवावरून सांगतो" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणावी, टो करून का होईना.

काम टाकण्याआधी अंदाज लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालतो. जुने पार्ट परत हवेत हे आधी सांगा, नंतर मागितले की ते "भंगारात गेले" असतात. नव्या पार्टांचे डबे आणि जीएसटी नंबरचं बिल ठेवा. टॅपेट कव्हरचा एक फोटो आत जाताना आणि एक बाहेर येताना, हे तर फुकटच आहे. त्यातूनही फसलात तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि उत्तर व दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळे जिल्हा ग्राहक आयोग आहेत. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही.

राहिली ती कॉइल. नवी बसवून तीन आठवडे झाले आणि चवथीच्या आधल्या पावसात मिसिंग परत आलं, कारण दोनच्या खड्ड्यात पाणी कुठून येतं हे कोणी बघितलंच नव्हतं. गाडी फणसाखाली उभी असते. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं आणि काड्या कुजून लगदा झालेला, त्याने दोन्ही बाजूंची पाणी जायची भोकं बुजलेली. तुंबलेलं पाणी मधल्या सांध्यातून इंजिनवर ठिबकत होतं. जाळी काढून लगदा हाताने उपसला, भोकात तार फिरवली, खड्डा वाळवला, बूट बदलून आत चिमूटभर डायलेक्ट्रिक (वीज अडवणारं) ग्रीस लावलं. मग काचेवर तांब्याभर पाणी ओतून बघितलं, ते पुढच्या चाकांच्या मागून खाली पडत होतं.