आईस्क्रीम वेल काढायचीय: खणायचं, छाटत राहायचं की औषध मारायचं?

ही वेल आमच्याकडे आपोआप नाही आली, सासूबाईंनी हौसेने बिया आणून लावली, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. गुलाबी झुबके सुंदर दिसतात, मधमाश्या दिवसभर असतात, पण मूळची मेक्सिकोची ही बाई आता कंपाउंडवरून पेरूवर चढलीय आणि पेरू कुठंय ते शोधावं लागतं.

आधी एक बघा, तुमची वेल नक्की हीच आहे ना. पानं नाहीत, नुसती पिवळी दोऱ्यांसारखी जाळी असेल तर ती अमरवेल. तिला जमिनीत मूळच नसतं, तिथे खणून काय मिळणार, ज्या फांदीवर बसलीय ती फांदीच कापून टाकायची.

आईस्क्रीम वेलीचं उलटं आहे. वर दिसतं ते काहीच नाही, सगळा जीव खालच्या गड्ड्यांत. उन्हाळ्यात सुकली म्हणून आपण खूश होतो आणि पहिल्या पावसात ती परत हजर.

मुळाशी जागा मोकळी असेल तर माझं मत सरळ खणा. पहिले दोन-तीन पाऊस होऊ द्या, माती मऊ होते, मग वेल फूटभर ठेवून वरची छाटा आणि तो खुंट धरून बाजूने पहार घाला, खुंट ओढू नका, कारण मान तुटते आणि गड्डा खालीच राहतो. आमच्याकडे रताळ्यासारखे घोसाने निघाले, हात दुखेपर्यंत खणलं, तरी एक राहिलाच असणार कारण तीनेक आठवड्यांत तगरीच्या बुंध्यातून बदामाच्या आकाराचं एक कोवळं पान डोकावलं. म्हणजे दुसरी फेरी धरूनच चाला.

भिंतीला चिकटून किंवा फरशीखाली असेल तर पहार विसरा, पाया उकराल. तिथे सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन दर आठ-दहा दिवसांनी फुटवा दिसला की जमिनीलगत कापायचा, पानं मोठी झालीच नाहीत तर गड्ड्याला खाऊ मिळत नाही. खर्च शून्य, पण दोन पावसाळे तरी चिकाटी लागते, आणि मध्ये महिनाभर गावाला गेलात की केलेलं सगळं पाण्यात. जुना फ्लेक्स अंथरून बघितला, कडेने बाहेर आली.

औषध म्हणजे बहुतेक जण ग्लायफोसेट हे तणनाशकच म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच वापरायचं, तेव्हा दुकानातून बाटली आणून स्वतः पंप मारायचा विचार सोडा. बोलावलंत तरी फवारणी नको म्हणा, खालचा पेरू पण जाईल, खुंट कापल्या कापल्या ताज्या कापावर ब्रशने लावायला सांगा. एका वेळेत संपेल असं मात्र नाही, मोठा गड्डा परत फुटतो. ज्या खुंटाशी पहारही जात नाही आणि रोज लक्षही देता येत नाही तिथेच मी हे करेन. मीठ-व्हिनेगर तर अजिबात नको, मिठाने माती बिघडते आणि गड्डा खाली मजेत.

आणि बिया धरायच्या आत फुलं छाटा, नाहीतर वर्षभर रोपं उपटत बसाल. काढलेले गड्डे कंपोस्टमध्येही टाकू नका, गच्चीवर कडक उन्हात वाळवा. मी गोणीत भरून नळाजवळ ठेवले होते, पंधरा दिवसांनी उघडलं तर गोणीतल्या गोणीत फुटलेले.