मोठी टाकी की मोठा बॉयलर: वसतिगृहाच्या गरम पाण्याचा हिशेब

लातुरात शंभर विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवताना गरम पाण्याच्या यंत्रणेचे दोन्ही प्रकार मी वापरून पाहिले आहेत. आधी लहान टाकी व मोठा बॉयलर होता, आता मोठी टाकी व लहान बॉयलर आहे. दोन्हींत बॉयलरचे पाणी बंद फेऱ्यात फिरते आणि आंघोळीच्या पाण्याला फक्त उष्णता देते, त्यामुळे बोअरचे पाणी बॉयलरमध्ये जातच नाही. हे तत्त्व वाचकांना ठाऊक आहे असे धरून थेट मापाकडे वळतो.

आपल्याकडे हिशेब शॉवरचा नव्हे, बादलीचा करावा लागतो. परदेशी तक्ते शॉवरच्या प्रवाहावर बेतलेले असल्याने ते जसेच्या तसे वापरले, तर यंत्रणा बहुधा गरजेपेक्षा मोठी होते. दर विद्यार्थ्यामागे वीस लिटरची एक बादली आणि तिच्यात 40 अंशांचे पाणी धरले, तर हिवाळ्यात टाकीत येणाऱ्या 20 अंशांच्या पाण्यात 60 अंशांचे पाणी निम्मे-निम्मे मिसळावे लागते. म्हणजे शंभर जणांना 60 अंशांचे 1000 लिटर पाणी हवे आणि ते तापवायला सुमारे 40,000 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 46 युनिट उष्णता लागते. हा आकडा दोन्ही प्रकारांत सारखाच राहतो. फरक पडतो तो ही उष्णता किती वेळात द्यायची यात.

क्लासेस सातला सुरू होत असल्याने आमच्याकडे आंघोळी सव्वापाच ते पावणेसात या दीड तासात उरकतात. टाकी 300 लिटरची असेल तर उरलेले पाणी त्या दीड तासातच तापवावे लागते आणि त्यासाठी सुमारे 25 किलोवॉटचा बॉयलर व तितकीच उष्णता झेलणारा प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांच्या थरांतून बॉयलरच्या पाण्याची उष्णता आंघोळीच्या पाण्याला देणारे उपकरण) लागतो. टाकी 1500 लिटरची घेतली तर हेच काम रात्रीच्या आठ तासांत सहा किलोवॉटवर होते, उष्णतेची गळती धरून सात-आठ म्हणा. (1000 लिटरच्या टाकीतून पूर्ण 1000 लिटर गरम पाणी मिळत नाही. खालून थंड पाणी शिरून मिसळत असल्याने सुमारे सत्तर टक्केच पाणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, म्हणून 1500.)

कागदावर पहिला प्रकार सुटसुटीत वाटतो, आणि मीही आधी तोच घेतला होता. जागा कमी लागते, स्लॅबवर दीड टनाचा भार येत नाही आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामे असताना टाकीभर पाणी उगीच तापत पडत नाही. पण आमच्या पाण्यात क्षार फार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत सूट आहे. आमचे पाणी नेमके कुठे बसते हे मी प्रयोगशाळेतून तपासून घेतले नाही, पण बादलीच्या कडेला पंधरवड्यात बसणारा पांढरा थर बघून अंदाज येतो. प्लेटांमधली फट अगदी अरुंद असते आणि पाणी साठ अंशांच्या पुढे गेले की चुनखडी झपाट्याने बसते. एक्स्चेंजरची क्षमता पावभर घटली तरी सहा वाजून गेले की नळाला कोमट पाणी येऊ लागते. मग तिसऱ्या मजल्यावरची मुले बादली घेऊन खाली उतरतात आणि माझ्या खोलीचे दार वाजते. दोन महिन्यांनी आम्लाने धुलाई, पुन्हा आठवडाभर चैन, पुन्हा दार. या एका कटकटीनेच माझा निर्णय झाला.

मोठ्या टाकीतल्या कॉइलवरही, म्हणजे बॉयलरचे पाणी जिच्यातून फिरते त्या वेटोळ्या नळीवरही, क्षार बसतोच, तिला कुठले वरदान नाही. पण तिथे क्षमता घटली तर टायमर दोन तास अलीकडे ओढला की भागते, कारण रात्र मोठी असते. लहान टाकीत मागे ओढायला वेळच शिल्लक नसतो. पुढेमागे छतावर सोलर बसवायचे ठरले, तर त्यालाही साठवण लागणारच.

यावर कोणी सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला क्षार काढून ते मृदू करणारे यंत्र, सुचवील, आणि पाण्याचा स्रोत एकच असेल तर ती सूचना चांगली आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर येतो, आणि दर टँकरचे पाणी निराळे असल्याने सॉफ्टनरचे गणित जुळत नाही. शिवाय तो मिठाने धुताना जे पाणी गटारात जाते, ते 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात पाहवत नाही. मात्र दिवसभर थोडे थोडे गरम पाणी लागणाऱ्या आणि स्वच्छ, एकसारखा पुरवठा असलेल्या हॉटेलला मी लहान टाकीच सुचवीन. तिथे सकाळची एकच गर्दी नसते.

मोठी टाकी घेणाऱ्याने ती तुळयांच्या रेषेवर येते की नाही हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे, आणि कॉइल बाहेर ओढता येणारे झाकण असलेलीच टाकी घ्यावी. त्या झाकणासमोर कॉइलच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. माझ्या टाकीसमोर ती वीतभर कमी पडली, म्हणून पहिल्या सफाईला गवंडी बोलावून कठड्याच्या चार विटा काढाव्या लागल्या.